जास्तीची खुंटी

बोतिर लोहाराची पहिली थप्पड उमिदच्या कानाखाली बसली. दुसऱ्या ठोशाला नाक फुटलं, आणि तिसऱ्याला तो चहाच्या मेजावर जाऊन आदळला. किटल्या फुटल्या, खरबुजाच्या फोडी रस्त्यावर उडाल्या.

"जळकं सामान विकतोस? आपल्याच मोहल्ल्याला?" बोतिरनं पुन्हा हात उगारला.

तो हात खाली आला नाही, कारण त्याला दोन मुलं लोंबकळत होती. एक उमिदची धाकटी बहीण मुनिसा, आणि दुसरा खुद्द बोतिरचा मुलगा एल्दोर.

"गाढवा, बापावर हात टाकतोस?"

"टाकत नाहीये बाबा, नुसता धरलाय," एल्दोर म्हणाला आणि एका हिसक्यासरशी भिंतीवर जाऊन आपटला.

ताश्कंदच्या त्या गल्लीत सकाळपासून हशार चालला होता. हशार म्हटलं की मोहल्ल्यातल्या प्रत्येकानं कामाला हात लावायचा, पुण्य सगळ्यांनी वाटून घ्यायचं आणि दुपारी पुलाववर ताव मारायचा. आजवर असं करून त्यांनी भिंती बांधल्या होत्या, कालवे उपसले होते. यंदा सुट्टीतल्या मुलांसाठी वाचनालयात संगणक बसवायचे ठरले. सुटे भाग उमिदनं मलिका बाजारातल्या आपल्या दुकानातून आणून दिले आणि बजावलं, "मी दुपारी येतो. तोवर खोकी उघडू नका."

पण हौसेनं जमलेली माणसं कुठली थांबतात? भिंत बांधता येते, मग डबा का जोडता येणार नाही, असं म्हणत त्यांनी सगळं जोडून टाकलं. जिथं बसत नव्हतं तिथं बोतिरनं बसवलं, कारण त्याच्या मनगटापुढे कशाची टाप होती? मग बटणं दाबली. एकामागून एक चार यंत्रांतून ठिणग्या उडाल्या, धूर निघाला. पाचव्याला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. नेमका त्याच वेळी उमिद गल्लीत शिरला.

पांढऱ्या दाढीचे करिम बोबो मोहल्ल्याचे वडीलधारे. त्यांनी काठी मध्ये घातली. "बोतिर, पुरे. रक्त निघालं."

"रक्त निघालं, बोबो, खरं कुठं निघालं? त्याचं दुकानच फोडून बघू. ट्रक आणा रे. आणि गज घ्या."

दोघांनी उमिदचे हात पाठीमागे पिरगळून धरले. एकानं जाता जाता त्याच्या पोटात गुडघा मारला. मुनिसा त्याच्या तोंडाजवळ गेली. थोरल्या भावाला, तसंच वयानं मोठ्या पुरुषालाही, तिथं आका म्हणत. "आका, खरं सांग. सामान जुनं होतं?"

"एकेक भाग दुकानात चालवून बघितला गं," उमिद कसाबसा बोलला. बोलताना त्याच्या ओठातून रक्त येत होतं. "तुला खोटं सांगेन मी?"

मुनिसाला तेवढं पुरलं. तिनं एल्दोरची बाही ओढली. करिम बोबोंची नात रोबिया, अंगानं एवढीशी पण जिभेनं तिखट, न बोलावताच मागून धावली. तिघं वाचनालयात घुसली आणि मुनिसानं आतून कडी घातली.

आत जळक्या प्लॅस्टिकचा वास भरला होता. एल्दोर तडक पाचव्या संगणकाकडे गेला. "हा लावून बघतो."

मुनिसानं त्याच्या हातावर फाडकन मारलं. "बापाचा गुण गेला नाही का? आधी दाबायचं, मग विचार करायचा!"

एल्दोरनं तिला ढकललं. तिनं त्याची कॉलर धरली. दोघं कपाटावर आदळली, वरची पुस्तकं रोबियाच्या डोक्यावर पडली.

"बाहेर मारामारी, आत मारामारी," रोबिया डोकं चोळत म्हणाली. "ट्रक आला की तुम्ही दोघं चढा त्याच्यावर. गज मी देते."

दोघांनी एकमेकांना सोडलं. मुनिसानं एका जळलेल्या संगणकाची वायर काढली आणि पेचकस हातात घेतला. स्क्रू हलेनात. एल्दोरनं दात ओठ खाऊन एकेक सोडवला. आतला बोर्ड पापडासारखा वाकला होता. तो बाहेर निघाला तेव्हा त्याच्या मागच्या बाजूला काळा डाग दिसला.

"दुसरा उघड," मुनिसा म्हणाली.

दुसऱ्यालाही डाग होता, अगदी त्याच जागी.

"सामान खराब असतं तर एक इथं जळलं असतं, एक तिथं," मुनिसा पुटपुटली. "सगळी एकाच जागी कशी जळतील?"

बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. पाठोपाठ दारावर लाथ बसली. "एल्दोर! दार उघड. ती खोकी पुरावा म्हणून न्यायचीत."

"जरा थांबा, बाबा."

"थांबा?" दुसरी लाथ बसली, चौकटीचा चुना खाली पडला. एल्दोरनं बाक ओढून दाराला लावला आणि स्वतः त्याला पाठ देऊन उभा राहिला. "मुनिसा, लवकर. बाबांना मी ओळखतो, दार त्यांना फार वेळ पुरत नाही."

रोबिया रिकाम्या डब्यात डोकं घालून बसली होती. आतल्या पत्र्यावर बोर्ड टेकवायला पितळी खुंट्या बसवल्या होत्या. त्यातल्या एका खुंटीचं टोक काळं पडलं होतं. "ही बघ. आणि बोर्डाला या जागी भोकच नाही. मग ही कशाला बसवली?"

"तेच तर! आका नेहमी सांगतो, पत्र्याला भोकं जास्त असतात, कारण त्यात लहान-मोठे सगळेच बोर्ड बसवता येतात. कमरेच्या पट्ट्याला कितीही भोकं असली तरी आपण एकच वापरतो ना? बाकीची मोकळी सोडायची. खुंटी उगाच बसवली की ती बोर्डाच्या मागच्या उघड्या तारांना टेकते, आणि वीज सोडली की..." मुनिसा थांबली. "पण सगळ्या डब्यांत कुणी बसवली?"

रोबियाचा चेहरा उतरला. "माझ्या बोबोंनी. म्हणजे एक त्यांनी. ते उशिरा आले, तोवर सगळी कामं वाटून झाली होती. बोतिर आका म्हणाले, हशारात कुणाचा हात रिकामा राहायला नको, पुण्य चुकेल, ही भोकं शिल्लक आहेत, घ्या. मग जो जो उशिरा आला त्याला त्यांनी एकेक खुंटी दिली."

दाराची फळी फुटली. गजाचं टोक आत आलं आणि एल्दोरच्या दंडाची कातडी सोलून गेलं. तो कळवळला, पण हलला नाही. मुनिसानं पाचव्या संगणकाचा बोर्ड सोडवून बाहेर काढला. घाईत पेचकस दोनदा निसटून तिच्या तळहातात घुसला. तिनं जास्तीच्या खुंट्या काढून फेकल्या. बोर्ड पुन्हा ठेवला, तेव्हा तो जोर न लावताच बसला. प्रत्येक भोक खुंटीवर बरोबर आलं. रोबियानं वायरी खोचल्या.

बिजागरी तुटली. बाक, दार आणि एल्दोर एकदमच जमिनीवर आले. बोतिर गज उगारून आत शिरला. मागून माणसं घुसली, त्यांनी उमिदलाही फरफटत आणलं होतं.

मुनिसानं बटण दाबलं.

पंखा फिरला. पडदा उजळला. ठिणगी नाही, धूर नाही.

गज तसाच वर राहिला. बोतिरचं लक्ष पडद्याकडे गेलं, मग मुलाच्या रक्ताळलेल्या दंडाकडे.

मुनिसा रडत होती, पण आवाज खणखणीत होता. "मारायचं तर मारा, आका. पण आधी सांगा, ज्या भोकांवर बोर्ड येतच नाही, तिथं खुंट्या कुणी बसवल्या?" आणि तिनं डागाळलेला बोर्ड आणि काळी खुंटी त्याच्यापुढे एकमेकांना जुळवून धरली.

चोर सोडून संन्याशाला सुळी दिली, हे हळूहळू सगळ्यांना कळलं. काहीजण आपल्याच बोटांकडे बघू लागले.

"एक मी बसवली," करिम बोबो म्हणाले. "मला पुण्य हवं होतं."

"एक मी," मागून कुणीतरी म्हणालं. मग आणखी एक आवाज आला.

उमिदचे हात सुटले. बोबोंनी तिन्ही मुलांच्या डोक्यावर हात ठेवला. "एवढी दाढी पिकली आमची, पण अक्कल आज तुम्ही वापरलीत. शाबास. माग मुनिसा, काय बक्षीस देऊ?"

"बक्षीस नको," मुनिसा म्हणाली. "उमिद आकाला सगळ्यांसमोर रस्त्यावर मारलंत. माफी इथं आत, कोपऱ्यात मागू नका."

बोबोंनी मान हलवली आणि ते स्वतः पुढे निघाले. सगळी गल्ली पुन्हा बाहेर जमली. बायका दारांत आल्या, ट्रकवाला खाली उतरला. फुटलेल्या किटल्यांमध्ये उभं राहून बोतिर बोलला. ज्याला बैलासारखं ओरडायची सवय, त्याला हळू बोलताना फार कष्ट पडत होते. "चूक माझी. उमिदचं सामान चांगलं होतं. मी न विचारता मारलं." त्यानं डावा हात पुढे केला.

उमिदचा एक डोळा सुजून मिटला होता. उरलेल्या डोळ्यानं त्यानं बोतिरच्या उजव्या हाताकडे पाहिलं.

"हात मिळवीन, आका," तो म्हणाला. "आधी तो गज खाली ठेवा."