परत न आलेला मेल

सर्व्हरची खोली तिसऱ्या मजल्यावर. खिडकी नाही, दिवसभर एसीची घरघर. आमच्या साहेबांचा हुकूम होता: येईल तो मेल आधी आत घ्यायचा, ज्याच्या नावाने आलाय तो माणूस इथे आहे की नाही ते मागाहून बघायचं. का, तर एखादं गिऱ्हाईक हातचं जाऊ नये. मग कोणाच्याही नावाने आलेल्या फालतू जाहिराती आम्ही आत घ्यायचो, आणि त्यांवर पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा, कोणा तिसऱ्याचाच असल्यामुळे 'तुमचा मेल पोचला नाही' असे निरोप भलत्यालाच धाडायचो.

वर्षभर मी कानीकपाळी ओरडत होतो. साहेब म्हणायचे, "चाललंय ना? मग बोटं घालू नका."

एका सकाळी वहिनींचा फोन आला.

"भाऊजी, तुमच्या ऑफिसातून रोज तीस-तीस मेल येतात. 'तुमचा मेल पोचला नाही, या पत्त्यावर कोणी नाही.' मी कधी काही पाठवलंच नाही हो. आणि पत्ता ह्यांचा आहे."

ह्यांचा म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा. तो याच मजल्यावर आराखडे काढायचा. शेवटची दोन वर्षं आम्ही बोलत नव्हतो. नोकरी सोडून गेलेल्यांचे पत्ते सर्व्हरच्या यादीत महिनोन्‌महिने राहतात. तो वारला, आणि दुसऱ्याच दिवशी मी त्याचा यादीतून उडवला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेब गेले खड्ड्यात. कोणाला न विचारता मी सर्व्हरची मांडणी बदलली: यादीत नाव नसेल तर मेल दारातच नाकारायचा, म्हणजे खऱ्या पाठवणाऱ्याकडे तो कारणासकट तिथल्या तिथे परत जातो; मागाहून भलत्या कोणाला निरोप नाही. दुपारपर्यंत सगळं थांबलं.

चार वाजता वहिनींचा पुन्हा फोन.

"थांबलं, भाऊजी. पण आज मी खरंच एक लिहिला ह्यांना. उगीच, मन मोकळं करायला. तो परत नाही आला."

"येईल."

"दोन तास झाले."

मी नोंदी उघडल्या. भावाचं नाव यादीत नव्हतं. चारदा पाहिलं. वहिनींच्या मेलपुढे लिहिलं होतं: स्वीकारला. उघडला, दोन वाजून बारा मिनिटं.

कोणीतरी चेष्टा करतंय म्हणून शिव्या घालत मी मजलाभर फिरलो. भावाच्या जागी आता झेरॉक्सचं मशीन आहे.

परत येऊन घरच्या पत्त्यावरून त्याला लिहिलं. एकच शब्द: दादा.

क्षणात नाकारला गेला. हायसं वाटलं.

मग कारण वाचलं. मी सर्व्हरला एकच कारण दिलं होतं, 'या पत्त्यावर कोणी नाही.' ते तिथे नव्हतं.

'ही व्यक्ती तुमचे मेल घेत नाही.'