पाचमिनिट्याची उतरण

या, जवळ सरका. उद्या पहाटे तुम्ही त्या गोठलेल्या तळ्याकडे निघणार, म्हणून आजच सांगतो. वरून आल्यावर सांगून काय उपयोग?

मी टूरवाल्यांची जीप चालवायचो. रस्ता संपतो तिथे त्यांना उतरवायचो आणि पुढे माझा मित्र त्यांना पायी वर न्यायचा. त्याला सगळे पाचमिनिट्या म्हणायचे. चढणीवर कुणी धापा टाकत "अजून किती?" म्हणून विचारलं, की याचं उत्तर ठरलेलं. "हे काय, आलंच. पाच मिनिटं." मग वाट तासाची असो की तीन तासांची. लोक मनातल्या मनात शिव्या घालायचे, पण चालत राहायचे. माणूस वाईट नव्हता हो. खोटं बोलल्याशिवाय कुणी वर पोचत नाही, असं त्याचं म्हणणं.

तीन वर्षं झाली. नोव्हेंबरची सतरा तारीख, गुरुवार. हंगाम आटोपला होता. वरच्या निवाऱ्यातला गॅसचा सिलिंडर तेवढा खाली आणायचा राहिला होता. बर्फ पडलं की चार महिने वाट बंद.

"आभाळ बघा जरा. उद्या जा," त्याची बायको म्हणाली.

"हा गेलो नि हा आलो."

"तुमचं 'हा आलो' माहीत आहे मला. लग्नाला दोन तास उशिरा आला होतात."

हसतच निघाला. पण वर पोचेपर्यंत साडेपाच वाजले. आवराआवर केली, सिलिंडर पट्ट्यांनी खांद्याला लावला, दाराला कुलूप घातलं, तेव्हा घड्याळात पावणेसात. मिट्ट काळोख. हातात टॉर्च होती. दोन तासांची उतरण, डोळे मिटून उतरेल अशी पायाखालची. पहिलं वळण घेतलं आणि मागून बारीक आवाज आला.

"दादा, अजून किती?"

"आलंच बाई. पाच मिनिटं."

जिभेची सवय! दहा पावलं तसाच चालला. मग पाय जागच्या जागी थिजले.

टॉर्च मागे फिरवली. दगड. वाट. कुणी नाही.

आवाज मात्र त्याने ओळखला होता. आदल्या हंगामात एक बाई आल्या होत्या. पोस्टात पस्तीस वर्षं शिक्के मारून निवृत्त झालेल्या. जन्मभर दुसऱ्यांची लांबलांबची पत्रं हाताळली, एकदा आपणही लांबचं काही बघावं, एवढीच हौस. निवाऱ्यातच त्यांचे ओठ निळे पडले होते. तिथूनच त्यांना परत फिरवायला हवं होतं. पण एकाला फिरवायचं तर सगळ्यांनाच फिरवावं लागतं, आणि बाकीचे आठ जण तळ्यासाठी हटून बसलेले. याने नेहमीचं ठोकून दिलं. पाच मिनिटं. तळं दोन वळणांवर राहिलं आणि बाई एका दगडावर बसल्या, त्या उठेनात. ढग उतरले. समोरचं दिसेना.

"तुम्ही इथंच बसा, बाई. यांना निवाऱ्यात सोडतो नि पाच मिनिटांत येतो."

आठांना कमरेला एकाच दोरात बांधून, मागे घेऊन उतरला. रात्रभर बर्फ पडत राहिलं. सकाळी गेला, तेव्हा बाई तशाच बसलेल्या होत्या. वाटेकडे तोंड करून.

तर हा आवाज त्यांचा.

तो भराभर उतरू लागला. मागे धाप ऐकू येत होती. छोटी, तुटक. दम पुरत नसलेल्या माणसाची.

"दादा... अजून किती?"

तो गप्प राहिला.

धाप जवळ आली.

"दादा..."

आणखी जवळ. मानेवर गार वारा लागला.

"पाच मिनिटं, बाई! पाचच मिनिटं!"

धाप मागे पडली.

तेव्हा त्याला कळलं. बोललं की लांब राहते. गप्प बसलं की जवळ येते. मग तो बोलतच राहिला. पाच मिनिटं. आलंच. पाच मिनिटं. आठ वाजले. नऊ. चौथ्या वळणानंतर गावाचे दिवे दिसायला हवे होते. दिसले नाहीत. वळण आलं. पुन्हा तेच वळण. अकरा वाजले. टॉर्च पिवळी पडली. विझली. चाचपडत चालला. आणि मग उमगलं... आपण पाच मिनिटं म्हणतोय, तोवर पाच मिनिटं उरतच राहणार.

सिलिंडर खाली ठेवला. मागे वळायची छाती झाली नाही.

"बाई, मी खोटं बोललो. तळं जवळ नव्हतं. आणि... मी परत येणार नव्हतो. त्या ढगात कुणीच आलं नसतं. मला माहीत होतं."

धाप थांबली.

वारा थांबला.

किती वेळ, कोण जाणे...

"मग मला बसवलंत कशाला?"

अगदी कानाशी. राग नाही. रडणं नाही. खिडकीवर चौकशी करावी, तसं.

त्याने मान वर केली.

समोर गावाचे दिवे लागलेले होते. सिलिंडर तिथेच टाकून तो धावत सुटला.

दार वाजलं तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. वहिनींनी मला बोलावून घेतलं. हे सगळं त्याने त्या पहाटे एकदा सांगितलं, आणि तेवढंच. त्यानंतर तो वर गेला नाही. कुणाच्या पुढे चालत नाही. वहिनी विचारतात, "जेवायला कधी बसताय?" तर नुसता बघत राहतो. त्या बिचाऱ्या त्याला धरून पाटावर बसवतात. बरा होईल, असं आता त्याही म्हणत नाहीत.

त्या पहाटे त्याचे ओले कपडे मीच बदलले. सदरा वर केला आणि हात तिथेच राहिला. कमरेभोवती दोराचा वळ. दोन बोटं रुंद. पीळ मोजता येईल इतका स्पष्ट. आता दोर काही त्याच्याकडे नव्हता त्या दिवशी. सिलिंडरचे पट्टे खांद्याला होते, कमरेला काहीच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, आठवड्याभरात जाईल.

तीन वर्षं झाली. परवाच पुन्हा पाहिला मी. तसाच आहे.

आणि गाठ... गाठ पाठीमागे आहे, पोरांनो.