वीतभर बाहेर

ऑकलंडमधल्या अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारातून भाजीच्या पिशव्या सावरत सिद्धी मैदानाच्या कडेने गाडीकडे चालली होती, तोच एक चामडी चेंडू सण्णकन आला आणि थेट तिच्या मेथीच्या जुडीत घुसला.

"डोळे फुटलेत का मेल्याचे!" ती पुटपुटली.

"अजून नाही फुटले," मागून धावत आलेला तरुण म्हणाला, चक्क मराठीत! हातात रुंद पात्याची काठी, गुडघ्यापर्यंत चिखल. "पण तुम्ही अशाच बघत राहिलात तर..."

"तर काय?"

"तर... मेथी भरून देईन."

झालं! प्रेमाची सुरुवात मेथीच्या जुडीपासून झाली, आता काय बोलायचं?

तो देवव्रत. मूळचा पुण्याचा हॉकीवाला, आता न्यू लिनमध्ये राहणारा इंजिनिअर. ऑफिसातल्या आयरिश दोस्तांनी त्याला हर्लिंगच्या, म्हणजे त्यांच्याकडच्या काठी-चेंडूच्या खेळाच्या, नादी लावलं होतं. राष्ट्रीय स्पर्धेचं हे दुसरंच वर्ष. खेळाडू जेमतेम आणि पंच त्याहून कमी. म्हणून दर रविवारी 'सहज' बघायला येणाऱ्या सिद्धीच्या अंगात एकदा पांढरा कोट चढला आणि तिला गोलच्या खांबापाशी उभं केलं गेलं. चेंडू जाळ्यात गेला की गोल, तीन गुण, हिरवा झेंडा. आडव्या दांडीवरून, दोन खांबांमधून गेला की एक गुण, पांढरा झेंडा. बाहेर गेला की डोक्यावर हातांची फुली. एका खांबाशी एका संघाचा माणूस, दुसऱ्याशी दुसऱ्याचा. आणि दोघांनी खरं बोलायचं, एवढाच कायदा.

"तुझ्यासाठी हिरवा उचलायची वेळच येत नाही रे," ती चिडवायची.

"येईल. मोठ्या गोष्टीसाठी राखून ठेव."

फायनलच्या सकाळी बुटाची नाडी बांधता बांधता तो म्हणाला, "सिद्धी... आज कप आला ना, तर तुला एक विचारायचंय."

"आणि नाही आला तर?"

"तर गप्प बसेन. हरलेल्या तोंडाने काय विचारायचं?"

"वेडा आहेस," ती म्हणाली. काय विचारणार ते तिला ठाऊक होतं. गेले कित्येक रविवार ती त्या प्रश्नाचीच वाट बघत होती.

सामना म्हणजे नुसती घालमेल. वेलिंग्टनवाले ऐकेनात, ऑकलंडवाले सोडेनात. कडेला घडीच्या खुर्चीवर बसलेल्या देवव्रतच्या आई, आशालताबाई, सहा महिन्यांसाठी पुण्याहून आलेल्या. त्या चहाचा थर्मास पोटाशी धरून गणपतीचा धावा करत होत्या. गुण बरोबरीत आणि मिनिटभराचा खेळ उरलेला. चेंडू देवव्रतच्या काठीवर आला. तो वळला. त्याने मारला...

चेंडू उंच चढला. सिद्धीच्याच खांबाकडे येत होता. ये ना, आत ये... तिचा हात आपसूक पांढऱ्या झेंड्यावर गेला. चेंडू डोक्यावरून गेला, आणि तिने पाहिलं. खांबाबाहेरून. वीतभर.

पलीकडच्या खांबाशी उभे वेलिंग्टनचे आजोबा म्हणाले, "तुझ्या बाजूचा होता, पोरी. तूच सांग."

सगळं मैदान तिच्याकडे बघत होतं. देवव्रतही. झेंडा उचलला की कप त्याचा, आणि तो प्रश्न तिचा. तो वीतभराचा फरक दुसऱ्या कुणाला दिसणार होता? तिने झेंडा सोडला, आणि डोक्यावर हातांची फुली केली.

ऑकलंडवाल्यांनी कपाळाला हात लावला. वेलिंग्टनच्या गोलकीपरने चेंडू लांब भिरकावला, त्यांच्यातल्याच कुणीतरी तो पलीकडच्या दांडीवरून मारला, आणि शिट्टी झाली. संपलं!

देवव्रत पाठमोरा गुडघ्यांवर बसला होता. त्याचे दोस्त तिच्याकडे न बघता बाजूने गेले. सिद्धी कोटाची बटणं काढायला लागली. रडू अगदी दाटून आलं होतं. आपल्याच हाताने आपण आपलं नशीब घालवलं, असं तिला वाटलं.

"सिद्धी."

तो समोर उभा होता. चिखलाने माखलेला, डोळे लाल.

"रागावलास?" तिने कसंबसं विचारलं.

"काठीवरून सुटला तेव्हाच मला कळलं होतं, बाहेर जातोय म्हणून." तो थांबला. "तुझा हात झेंड्यावर गेला ना... तेव्हा वाटलं, हिने उचलला तर कप मिळेल, पण मग... खोट्या कपाच्या जोरावर हिला कसं विचारू?"

"आणि आता? हरलेल्या तोंडाने?"

"ह्याच तोंडाने. दुसरं कुठून आणू?" तो हसला, आणि मग त्याचा आवाज अगदी खाली गेला. "लग्न करशील माझ्याशी?"

ती वाकली. आणि दोन्ही हातांनी हिरवा झेंडा उचलून जोरजोरात हलवू लागली.

"अगं, मॅच संपली ना?" पलीकडून थर्मास सावरत आशालताबाई ओरडल्या. "आता कुणी मारला गोल?"