भूक कुठं लागली?

मलेरियाच्या माणसानं महानंदाच्या भिंतीवर गेरूनं तारीख लिहिली, खाली सही करायला हात उचलला… आणि तसाच भिंतीला धरत धरत ओट्यावर बसला. तोंड पांढरंफटक.

"ताप आलाय का?" महानंदानं दारातूनच विचारलं. "दुसऱ्याचं रक्त काढत हिंडता, जरा सोताचंबी बघा की."

"ताप न्हाय." तो कसंनुसं हसला. "सकाळी चहा-खारी खाऊन निघालो, ते आत्ता…"

"चहा-खारी—" त्यानं जणू माती खाल्ली असावी, अशा सुरात ती म्हणाली. आत गेली आणि कडक भाकरी, शेंगाचटणी, दह्याची वाटी घेऊन आली. भाकरी कागदासारखी पातळ. मोडली की कुरकुर वाजायची. तो खात होता आणि ती चौकटीला टेकून बोटांचं पीठ पुसत होती. पीठ तर केव्हाच गेलं होतं…

शांतलिंग त्याचं नाव. नवी नेमणूक. गल्लीच्या टोकाला खोली घेऊन एकटाच राहायचा आणि सायकलवरून रोज तामलवाडीपर्यंतची गावं करायचा. महानंदाच्या वडिलांनी, रामलिंगअप्पांनी, चौकशी केली. आपल्यातलाच, सरकारी नोकरी, आईबाप नाहीत.

"पोरगं उपाशी हिंडतंय," ते बायकोला म्हणाले. "सकाळचं आपल्याकडनं देत जा." पुढचं बोलले नाहीत, पण महानंदाला ते ऐकू आलं.

पहिल्या दिवशी साहेब म्हणून आईनं, अव्वानं, गव्हाच्या पोळ्या बांधून दिल्या. संध्याकाळी तो फडकं परत द्यायला आला.

"भूक कुठं लागली?" महानंदानं विचारलं.

"ओढ्यातच."

"लागणारच. मऊ पोळी ती, सायकलीवर बसायच्या आत जिरली."

दुसऱ्या दिवसापासून तिनं सगळं आपल्या हातात घेतलं. सकाळी हुलगे भाजून, दळून केलेलं गरम माडगं, वाटीभर. सोबत फडक्यात दोन कडक भाकरी आणि जवसाची चटणी. संध्याकाळी पुन्हा तोच प्रश्न. त्यानं आता भूक माळावरच्या बाभळीपर्यंत नेली होती. मग तिनं माडग्यात गूळ घातला, भाकरीला लोणी लावलं. आठव्या दिवशी तो सायकल टेकवता टेकवता म्हणाला, "तामलवाडीच्या विहिरीवर. सात मैल, महानंदाबाई. तोवर आठवणसुद्धा न्हाय."

"कशाची?"

"भुकेची."

"मला वाटलं…" ती म्हणाली, आणि फडकं घेताना बोटांना बोटं लागली. दोघांपैकी कुणीच घाई केली नाही.

त्यानंतर रोज तामलवाडीची विहीर. एकदा अव्वाला बरं नव्हतं, माडगं झालं नाही. घाईत महानंदानं नुसत्या पोळ्या दिल्या. तरी उत्तर तेच.

"खोटं बोलता. पोळ्यांवर विहीर गाठली?"

"खोटं कशाला बोलू?"

ती रात्रभर हसू दाबत पडली. आपलं मन राखायला माणूस खोटंसुद्धा बोलतो… पुढं तो दोनाच्या चार भाकरी मागू लागला. "आताशा लई भूक लागते," म्हणायचा, आणि नजर चुकवायचा. एकदा फडक्यात शेवंतीची पाकळी सापडली. तिनं ती पिठाच्या डब्याखाली जपून ठेवली. वाळली तरी टाकली नाही.

पौषाच्या शेवटी तो धुतलेला सदरा घालून आला. "अप्पा, एक मागणं आहे."

अप्पा सावरून बसले. महानंदा चुलीपाशी होती. तिनं जाळ मागं ओढला, शब्द सुटू नये म्हणून.

"मला वडीलधारं कुणी न्हाय. माघात लग्न ठरलंय, तामलवाडीत. माझ्याकडनं तुम्ही उभं राहावं… आणि लग्नाच्या भाकरी आपल्या गल्लीतल्या बायांनी करून द्याव्यात."

अप्पांनी खांद्यावरचं उपरणं नीट केलं. मग म्हणाले, "देऊ की."

गल्लीतल्या घराघरांत पीठ वाटलं गेलं. महानंदाच्या वाट्याला शंभर भाकरी आल्या. तिनं एकही जाड होऊ दिली नाही.

लग्नानंतर आठच दिवसांनी नवी नवरी, चन्नम्मा, ओट्यावर आली. केसांत शेवंती.

"अक्का, मी तुम्हांला बघितलं नव्हतं, पण तीन महिने तुमच्या हातचं खाल्लंय." ती लाजली. "आमच्या विहिरीवर ह्यांनी पहिल्यांदा फडकं सोडलं, मला अर्धी भाकरी दिली. मग रोज थांबायचे. न खाता यायचे तिथवर. मला शिकवा न्हवं, दिवसभर पुरंल असं."

 महानंदानं परात ओढली.

"पाणी खळखळ उकळू दे, मगच पीठ घाल. भाकरी तव्यावर फडक्यानं दाब, कड सुटू देऊ नको. सकाळी माडगं. हुलगे भाजल्याबिगर दळू नको. पोळ्या देऊ नको, ओढ्याच्या पुढं जात न्हाईत." हाताचं पीठ झटकून ती म्हणाली, "आणि संध्याकाळी आल्यावर, भूक कुठं लागली, हे तेवढं कधी इचारू नको."

"का वो अक्का?"

महानंदानं भाकरी उलटली.

"खरं सांगतात ते."