येतो

रविवारी दुपारी रिकाम्या ऑफिसात एअर कंडिशनरची घरघर जरा जास्तच ऐकू येते. सर्व्हररूममधल्या स्टुलावर बसून ती आदल्या दिवसापासून तेवढंच ऐकत होती. ऑफिसातलं चॅट, फायली, बैठकांची वेळापत्रकं, सगळं ज्या एका सर्व्हरवर चालायचं, त्याचा अपडेट मध्यावर अडकला होता. नवं पुरतं चढलं नव्हतं आणि जुनं पुरतं उतरलं नव्हतं. तिचे डोळे चुरचुरत होते, मान आखडली होती आणि चहाची तर आता शिसारी आली होती.

फोन वाजला.

"सकाळी सुरू होईल ना?" साहेबांनी विचारलं.

"प्रयत्न चालू आहे."

"अगं, हो की नाही ते सांग."

"पुरावा हाती आला की सांगते, सर."

असल्या उत्तरांमुळेच तिला ऑफिसात 'पुरावाबाई' म्हणत. तिला त्याचा राग येत नसे. त्या नावात तिला तरी चूक काढता आली नव्हती.

काचेपलीकडे हिशेब विभागाच्या टेबलाशी वहिनी बसल्या होत्या. वहिनी म्हणजे दादांची बायको. दादा तिच्या आधी हा सर्व्हर सांभाळायचे. तिला हे काम त्यांनीच शिकवलं होतं. गेल्या वर्षी एका संध्याकाळी घरी जाताना रस्त्यातच त्यांचं हृदय थांबलं. त्यांची खुर्ची वहिनींनी आपल्या टेबलाशेजारी आणून ठेवली होती. तिचा दांडा बिघडलेला होता. कुणी बसलं की ती 'फुस्स' करत सावकाश खाली जायची. माणसाच्या वजनाशिवाय मात्र ती तसूभरही हलत नसे; दुरुस्तीवाल्याला बोलावण्यापूर्वी पुरावाबाईने ते स्वतः तपासलं होतं. वहिनींनी दुरुस्ती करू दिली नाही. हल्ली त्या खुर्चीवर त्यांची पर्स असे.

"जेवलीस का?" वहिनींनी दारातून विचारलं.

"नंतर जेवते. तुम्ही घरी जा ना, वहिनी. उगाच ताटकळत बसलात."

"घरी जाऊन तरी काय करू?" त्या क्षणभर थांबल्या. "आमचं बोलणं राहील ना गं?"

सकाळपासून हा प्रश्न कितव्यांदा तरी आला होता. दादा वरच्या मजल्यावर बसायचे आणि निघताना चॅटवर रोज एकच शब्द टाकायचे: 'येतो'. निघणारा माणूस 'जातो' म्हणत नाही, एवढंच. फक्त त्या शेवटच्या दिवशी दोघांचं कशावरून तरी वाजलं होतं आणि दादांनी 'जातो' लिहिलं होतं.

"तो शब्द पुसला गेला तरी चालेल, असं वाटत नाही तुम्हाला?" तिने विचारलं.

"रागातला असला म्हणून काय झालं? शेवटचा आहे. माझ्याकडे दुसरं काय आहे त्यांचं?"

बॅकअपची ताजी प्रत खराब निघाली. त्याआधीची धड होती. सर्व्हरवर चढवण्यापूर्वी तिने ती लॅपटॉपवर उघडली आणि मुद्दाम तोच संवाद शोधला. 'जातो'. शब्द जागच्या जागी होता. तिने प्रत चढवायला घेतली आणि भिंतीला डोकं टेकून बसून राहिली.

उन्हं कलताना सर्व्हर उठला. बाहेरचं नेटवर्क तिने तोडलेलंच ठेवलं होतं. चाचणीपुरती एकच केबल जोडली होती, ती वहिनींच्या संगणकापर्यंत.

"बघा, वहिनी. सगळं आलंय."

वहिनींनी चष्मा चढवला.

"इथे 'येतो' आहे," त्या म्हणाल्या.

"आदल्या दिवसाचं बघताय."

"नाही गं. शेवटचंच आहे."

ती वाकली. तारीख तीच होती, वेळही तीच. शब्द मात्र 'येतो' होता, आणि त्याखाली बारीक अक्षरात 'बदललेला संदेश' अशी खूण.

"तू बदललंस? मला बरं वाटावं म्हणून?"

"मी असं करत नाही, वहिनी."

"माहीत आहे. म्हणून तर विचारते."

तिने लॅपटॉपवरची प्रत पुन्हा उघडली. तिथे अजूनही 'जातो' होतं. संदेशांची अनुक्रमणिका नव्याने बांधताना नोंदींची सरमिसळ झाली असावी, असं ती म्हणाली. वाक्य नीट जुळलं होतं. तिला ते पटलं नाही.

"हा दिवा कसला?" वहिनींनी विचारलं.

दादांच्या नावापुढचा ठिपका हिरवा झाला होता. ते खातं तिने स्वतःच्या हाताने बंद केलं होतं.

नावाखाली अक्षरं उमटली: 'लिहीत आहे'.

ती सर्व्हररूमकडे धावली आणि केबल उपसून काढली. तिचं टोक हातात धरूनच ती परत आली.

'लिहीत आहे'.

"थांबव ना ते," असं वहिनी म्हणतील, अशी तिची अपेक्षा होती. वहिनी हात मांडीवर ठेवून शांत बसल्या होत्या. बस उशिरा येणार असली की माणूस बसतो, तशा.

मग संदेश आला.

'आलो.'

एअर कंडिशनरची घरघर थांबली. केव्हा थांबली, ते तिला सांगता आलं नसतं.

वहिनींनी शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलली आणि खाली पायाशी ठेवली.

"बसा," त्या हळूच म्हणाल्या.

पुरावाबाई केबलच्या टोकाकडे बघत राहिली. मान वर करायचा तिला धीर झाला नाही.

फुस्स करत, सावकाश, खुर्ची खाली गेली.