कोलोराडो ओलांडल्यावर

सासूबाईंना त्यांचे दोन्ही मुलगे गेल्याचं सांगायचं आणि राष्ट्राध्यक्षांची फौज पोचायच्या आत त्यांना गोन्झालेस गावातून बाहेर काढायचं, एवढ्यासाठी मी सान अन्तोनियोहून निघाले. सोबत माझी चार वर्षांची चोना आणि खेचरवाले ब्लासकाका. तिथल्या अलामो गढीच्या भिंतींआड, राष्ट्राध्यक्षांविरुद्ध उठलेल्या आमच्या माणसांसोबत, आम्ही मायलेकींनी तेरा दिवस वेढ्यात काढले होते. शेवटच्या सकाळी आधी नवरा पडला, मग दीर. फौजेनं बायकापोरांना एकेक घोंगडी देऊन सोडून दिलं. मला रडू आलं नाही. डाव्या कानात तोफांचा आवाज तेवढा राहून गेला होता.

तीन दिवस पाऊस आणि उत्तरेचा बोचरा वारा. काटेरी झुडपांतून चिखल तुडवत चाललो. भाजलेला मका संपला.

"एउलालिया, काहीतरी बोल गं," काका म्हणाले. "हे खेचरसुद्धा तुझ्यापेक्षा जास्त बोलतं."

"काय बोलू?"

"मला शिव्या घाल. चालेल."

मी चोनाला कडेवर घेतलं आणि पुढे चालू लागले.

चौथ्या दिवशी सकाळी ग्वादालुपे नदी लागली. दुथडी भरलेली! पलीकडे गोन्झालेसवर काळा धूर. फौजेच्या हाती काही लागू नये म्हणून आपल्याच माणसांनी गाव पेटवून दिलं होतं, नावासुद्धा फोडून टाकल्या होत्या. आणि मागच्या टेकाडावर फौजेचे घोडेस्वार दिसू लागले.

चोनाला मी घोंगडीनं पाठीशी बांधलं. काकांनी खेचर पाण्यात घातलं, मी त्याची शेपटी धरली. गारठा हाडांत शिरला! मध्यावर एक ओंडका येऊन आदळला. खेचर उलटलं. शेपटी निसटली!

"पाय मार!" काका वाहत जाता जाता ओरडले. "पाय मार, बये!"

मी पाय मारले. नाकातोंडात पाणी. पाठीवर चोना खोकत होती. खोकतेय तोवर ती आहे, एवढंच डोक्यात होतं. मग खोकणं थांबलं.

बोटांना पलीकडच्या काठाची एक मुळी लागली. ओढलं. चिखलात कोसळले. घोंगडीची गाठ दातांनी सोडली, पोरीला पालथं घातलं, पाठीवर थापटलं. पुन्हा थापटलं. ती भडाभडा ओकली आणि तिनं भोकाड पसरलं!

काका बरेच खाली काठाला लागले. खेचर गेलं ते गेलंच.

गावात चिटपाखरू नव्हतं. एका जळक्या घराच्या उंबऱ्यावर सासूबाई एकट्याच बसल्या होत्या.

"सगळे गेले, मी थांबले," त्या म्हणाल्या. "पोरं आली तर मला कुठे शोधतील?"

"आई, ते येणार नाहीत."

"दोघंही?"

"दोघंही."

"तू पाहिलंस?"

"पाहिलं."

त्यांनी माझं तोंड हातानं आपल्याकडे वळवलं.

"रडलीस?"

"नाही."

"घोडेस्वार कुठवर आलेत?"

"नदीच्या पलीकडे."

त्यांनी चोनाला माझ्याकडून घेतलं, आपल्या शालीत गुंडाळलं आणि उठल्या.

"मग आत्ता नको. पुढची कोलोराडो नदी ओलांडू, तिथे बसून रडू."

कोलोराडो ओलांडायला आम्हाला सहा दिवस लागले. पलीकडच्या वाळूत सासूबाई बसल्या. मी शेजारी बसले. आधी त्या रडल्या. बऱ्याच वेळानं मी.