खंडेराव आबांचं दीपगृह

ही गोष्ट खरी आहे. महेशने सांगितली म्हणून खरी मानावी, तर पंचाईत. कारण तो पंचवटीत यात्रेकरूंना देवळं दाखवायचा आणि दिसेल त्या दगडाला इतिहास चिकटवायचा. पण हे सांगताना त्याने एकही विशेषण वापरलं नाही.

तेव्हाच मी घाबरलो.

नाशिकजवळच्या एका धरणाचा फुगवटा. गेल्या डिसेंबरातला शनिवार. अमावस्या नव्हती, वादळ नव्हतं. भुताच्या सोयीचं काहीच नव्हतं.

नुकतीच दिवेलागण झाली होती...

काठावर खंडेराव आबांचं रिसॉर्ट. नाशिकला समुद्र नाही, ही गोष्ट आबांना फार लागून राहिली होती. म्हणून त्यांनी कोकणातल्या एका जुन्या बंदरावरचं मोडीत निघालेलं दीपगृह उचललं. त्याचा लोखंडी माथा आणि जाड काचेचा दिवा ट्रकमधून आला, बुरुजावर बसला. आत विजेचा बल्ब लागला.

दिवा आला. इतिहास तिकडेच राहिला.

"महेश, पब्लिकला हिस्ट्री लागती," आबा नव्यानेच नोकरीवर ठेवलेल्या महेशला म्हणाले. "चांगली रडकी बनव."

महेशने चहा संपायच्या आत बनवली. राखणदार दारू पिऊन झोपला, दिवा विझला, वऱ्हाडाची बोट खडकावर फुटली. रोज संध्याकाळी पाहुण्यांना घेऊन बोट पाण्यात गेली की तो काठावरून भोंग्यावर हे सांगायचा. "दिवा विझला!" म्हणताच आबा बटण बंद करायचे. अंधार, किंकाळ्या. मग पुन्हा दिवा आणि टाळ्या.

स्वयंपाकघरातल्या कुसाबाई तेवढ्या कुरकुरायच्या. "लावल्या दिव्याम्होरं खोटं बोलू नाय, भाऊ. हात तरी जोड."

"मावशी, एलईडी आहे तो."

त्या शनिवारी बोटीत महेशची मुलगी होती. सृष्टी, चौथीतली. बोट धम्मपाल चालवत होता. फुगवट्यात बुडालेल्या बाभळींचे बुंधे पाण्याखाली तसेच उभे आहेत. दिवा नाकासमोर धरून परतायचं, एवढीच सुरक्षित वाट. दिवा बंद असेल तेवढा वेळ धम्मपाल इंजिनही बंद ठेवायचा.

महेशने भोंगा उचलला. "...राखणदार झोपला. आणि दिवा विझला!"

आबांनी बटण दाबलं.

स्वयंपाकघर, फाटक, पार्किंग... काठावरचे सगळे दिवे गेले.

फक्त तो दिवा चालू राहिला.

"आबा, उलटं झालं," महेश कुजबुजला. भोंगा चालूच होता, त्यामुळे ते सगळ्यांनी ऐकलं.

आबांनी फ्यूज काढला. दिवा चालू.

वायर उपटली. दिवा चालू. आता त्याचा उजेड पिवळा झाला होता... आणि खोबरेल जळाल्याचा वास येत होता.

मग बुरुजाच्या लोखंडी शिडीवर आवाज आला.

टण्... टण्... टण्...

कुणीतरी चढत होतं. शिडीवर कुणी नव्हतं.

दिवा वळू लागला. सिमेंटमध्ये पक्का बसवलेला दिवा. झोत पाण्यावरून सरकत आला... आणि महेशच्या तोंडावर थांबला.

बोटीभोवतीचं पाणी काळंठिक्कर झालं.

"महेशदादा!" धम्मपाल ओरडला. "दिवा कुठंय? इंजिन बंदच होत नाय! बुंध्यांवर जाईल बोट!"

आणि त्याच अंधारातून, बारीक आवाजात...

"बाबा..."

महेशला काहीच दिसेना. त्याने डोळ्यांवर हात धरला. स्वयंपाकघरातून धावत आलेल्या कुसाबाईंनी मागून पाठीत धपाटा घातला. "बोल की मुडद्या! खोटं व्हतं म्हन!"

"खोटं आहे!" महेश भोंग्यात किंचाळला. "तुम्ही झोपला नव्हता! दिवा विझू दिला नव्हता! मी बनवलं सगळं! पोरगी आहे हो माझी!"



वर, काचेमागे, कुणीतरी श्वास सोडला.

झोत हळूहळू पाण्याकडे वळला.

बोट काठाला लागली तेव्हा तिच्या बुडाला बाभळीची काळी फांदी अडकली होती. सृष्टी उतरली आणि म्हणाली, "वरचे आजोबा तुमच्यावर एवढे का रागावलेत?"

महेशने तिथल्या तिथे नोकरी सोडली.

आबा खूश होते. "येड्या, फुकट इफेक्ट भेटतोय, अन् तू पळतो?" दुसऱ्या संध्याकाळी उपटलेली वायर पुन्हा जोडून भोंगा त्यांनी स्वतः घेतला. "तर मंडळी, राखणदार ढाराढूर झोपला..."

काहीच झालं नाही. दिवा वेळेवर विझला, वेळेवर लागला. टाळ्या पडल्या.

त्या रात्रीपासून आबांना झोप नाही.

गोळ्या झाल्या. वणीला नवस झाला. डॉक्टर म्हणाले, टेन्शन. पण पापणीच मिटत नाही. आता अंधार पडला की आबा शिडी चढतात, दिव्याशेजारी बसतात आणि उजाडेपर्यंत पाण्याकडे बघत राहतात. जेवायला हाक मारली तर म्हणतात, "हळू बोल. पाळी माझी हाय."

महेश आता रिक्षा चालवतो. इतिहास सांगत नाही. परवा त्याच्या घरी चहाला गेलो होतो. मी विचारलं, "तुला लागते ना झोप?"

"एकदम छान. पडलो की मेलो."

सृष्टी कप घेऊन आली होती. ती म्हणाली, "मग बाबा, झोपेत तुमचे डोळे उघडे का असतात?"

महेश हसला. म्हणजे तोंड हसलं.

चहा निवेपर्यंत मी त्याच्या पापण्यांकडे बघत बसलो होतो.

मिटल्या असतील एखाद्या वेळी. माझंच लक्ष चुकलं असेल...